राणी आपल्या पेटीतली, नर मात्र शिवारातले

वसईच्या वाड्यांतील नारळ, वेलभाज्या, खाडीकाठची तिवरे आणि तुंगारेश्वरचे जंगल यांतून मधमाश्यांना मकरंद व पराग मिळतो. तरीही हौसेने मधपेटी ठेवणाऱ्यांना एक अनुभव अनेकदा येतो. बाहेरून आणलेली सातेरी माश्यांची वसाहत पावसाळ्यातील टंचाईत पेटी सोडून निघून जाते. यावर नवी वसाहत विकत घेण्यापेक्षा स्थानिक राणीची पैदास करणे हा अधिक शाश्वत उपाय आहे.

राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. फरक पडतो तो आहारामुळे. राणी होणाऱ्या अळीला शेवटपर्यंत राजान्न भरपूर मिळते आणि अंडे घातल्यापासून साधारण १६ दिवसांत ती बाहेर पडते. अंडी घालण्याचे काम राणीकडेच असल्याने वसाहतीचे गुणदोष तिच्यामार्फत पुढे जातात.

म्हणून निवड महत्त्वाची. स्थानिक पावसाळा तगून काढलेली, शांत, निरोगी आणि वारंवार न फुटणारी वसाहत मातृवसाहत म्हणून घ्यावी. फुलोऱ्याच्या हंगामात तिचे विभाजन केले, तर राणीविना राहिलेल्या भागातील माश्या कोवळ्या अळ्यांपासून नव्या राण्या घडवतात. मात्र त्या भागात ताजी अंडी आणि भरपूर तरुण कामकरी माश्या असायला हव्यात.

खरी मेख यापुढे आहे. कुमारी राणीचे मीलन पेटीत होत नाही. ती हवेत उडून अनेक नरांशी मीलन करते. हे नर आसपासच्या वसाहतींमधून आलेले असतात. दोन-चार सख्ख्या वसाहतींवरच पैदास चालवली, तर जवळच्या नात्यातील संकर होतो. काही अळ्या सदोष नर निपजतात आणि कामकरी माश्या त्या खाऊन टाकतात. पोळ्यात रिकाम्या घरांचे ठिपके दिसू लागतात आणि वसाहत रोडावते. त्यामुळे हे काम एकट्यादुकट्याचे नाही. गावोगावच्या मधपाळांनी निरनिराळ्या चांगल्या वसाहती राखणे, नोंदी ठेवणे आणि राण्यांची देवघेव करणे आवश्यक आहे.

स्थानिक निवडीचे मोल केरळने अनुभवले आहे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने तेथील बहुसंख्य सातेरी वसाहती नष्ट केल्या. पुढे तगलेल्या वसाहतींच्या विभाजनातूनच तेथे मधमाशीपालन पुन्हा उभे राहिले. बाहेरून डोळे झाकून वसाहती आणल्यास असा रोगही सोबत येऊ शकतो.

महाराष्ट्रात मार्गदर्शनाची परंपरा आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय. तेथून जवळच असलेले मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. वसईत प्रशिक्षणाइतकीच गरज आहे ती शेजाऱ्याशी सहकार्याची; कारण चांगली राणी आपण निवडू शकतो, तिच्या पिल्लांचे बाप मात्र शेजारच्या वाडीतून येतात.