वर्ष कुठे संपतं?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज टॅलीवर बोलणार आहे. हसू नका, कारण आहे.

माझ्या पुतण्याची लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. परदेशातल्या एका ग्राहकाने त्याच्याकडे जानेवारी ते डिसेंबर असे आकडे मागितले. ह्याने काय केलं, तर कंपनीच्या माहितीत जाऊन आर्थिक वर्षाची सुरुवातच 1 जानेवारी करून टाकली. नंतर 31 मार्चचा ताळेबंद उघडला. छापील प्रतीत वर्षाचा नफा 11 लाख, पडद्यावर 3 लाख. "काका, आठ लाख गेले कुठे?" संशय कुणावर? हिशेब लिहिणाऱ्या मुलीवर. दोन दिवस ती रडकुंडीला आली होती, राजीनामा लिहून तयार.

पैसे कुठेही गेले नव्हते. आता बघा, खाती दोन जातींची असतात. बँक, येणी, देणी, यंत्रं ही खाती वाहत राहतात. वर्ष बदललं तरी शिल्लक पुढे येते. विक्री, पगार, भाडं ही मात्र दरवर्षी शून्यापासून सुरू होतात, आणि त्यांचा निव्वळ नफा मागच्या शिलकेत जमा होतो. वर्षाची रेघ 1 एप्रिलवरून मागे 1 जानेवारीला ओढली, की 31 मार्चपर्यंत तीनच महिने भरतात. त्यांचा नफा 3 लाख. एप्रिल ते डिसेंबरचे 8 लाख त्याच ताळेबंदात, नफा-तोटा खात्याखाली, 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून बसलेले होते. बेरीज तीच, 11. बँकेची शिल्लक पैशानेही हललेली नव्हती. एवढं पाहिलं असतं तर त्या पोरीचे दोन दिवस वाचले असते.

नुसते वेगळ्या कालावधीचे आकडे हवे असतील तर टॅलीत ऑल्ट-एफ2 दाबून कालावधी बदलायचा. मूळ तारखेला हात लावायचा नाही. तिथेच 'बुक्स बिगिनिंग फ्रॉम' अशी दुसरी तारीख असते, म्हणजे वह्या कधीपासून लिहिल्या ती. या दोन्हींत गल्लत करू नका.

आणि संगणकात तारीख बदलल्याने कंपनीचं वर्ष बदलत नाही, बरं का! 2013च्या कंपनी कायद्याने ते 31 मार्चलाच संपतं. परदेशी कंपनीची उपकंपनी असेल आणि तिकडे एकत्रित हिशेब द्यायचे असतील, तर अर्ज करून वेगळं वर्ष मागता येतं. तरीही आयकराला एप्रिल-मार्चच लागतं, म्हणजे दुहेरी काम आलंच.

आपल्याकडे पेढ्यांचं वर्ष दिवाळीला सुरू व्हायचं, वहीपूजन करून. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष 31 मार्च 1989ला आणून जुळवलं, तेव्हा 1987च्या दिवाळीला वही उघडलेल्यांचं ते एक वर्ष सुमारे सतरा महिन्यांचं झालं! तेव्हा तिथे नफा फुगलेला दिसला तर दचकायचं कारण नव्हतं. महिने मोजायचे होते.

रीतसर परवानगीने वर्ष बदलायचंच असेल, तर आधी बॅकअप घ्या. जुन्या तारखेचा तेरीज पत्रक छापून ठेवा. एप्रिल ते डिसेंबर असं नऊ महिन्यांचं तुटक वर्ष येईल, त्यात घसारा नऊ महिन्यांचाच धरा. बदल झाल्यावर वाहत्या खात्यांच्या शिलका त्या कागदाशी एकेक करून ताडून बघा.

पुतण्याने तारीख परत 1 एप्रिल केली. त्या मुलीची माफी मात्र त्याने चार दिवसांनी मागितली, तीही मी दोनदा फोन केल्यावर.