हिशेब चुकता झाल्यावरची वसुली

देऊळघाट हें बुलढाणा जिल्ह्यांतील पैनगंगेच्या कांठचें जुनें गांव. अशा गांवांतून काशी-रामेश्वरास जाणारीं माणसें एके काळीं कमरेच्या कशांत मोजके रुपये बांधून घराबाहेर पडत. धर्मशाळेंत उतरावें, खाणावळींत जेवावें, निघतांना हिशेब करावा, पैसे मोजून द्यावे आणि रामराम करून वाटेस लागावें, असा तो सरळ व्यवहार होता. मालकाचें कांहीं येणें राहिलें असेल, तर उतारू दारांत उभा असतांनाच त्यानें तें मागावें लागे. उतारू एकदां गाडींत बसला, कीं मालकाचा हात त्याच्या कशापर्यंत पोंचत नसे. आज तो हात पोंचतो. उतारू घरीं परतून आठ दिवस लोटल्यावरहि पोंचतो. हॉटेलचें बिल चुकतें करून, पावती घेऊन घरीं आलेल्या गृहस्थास आपल्या कार्डावर त्याच हॉटेलनें आणखी एक रक्कम लावल्याचें एके दिवशीं कळतें, आणि ती कशाबद्दल, कोणाच्या परवानगीनें, याचा त्याला कांहींच उलगडा होत नाहीं.

हा प्रकार समजण्यासाठीं कार्डाचा व्यवहार कसा चालतो तें प्रथम पाहिलें पाहिजे. मोठ्या हॉटेलांत पाहुणा उतरला, म्हणजे खोलीची किल्ली देण्यापूर्वीं तेथील कारकून त्याचें कार्ड मागून घेतो व यंत्रांत घालतो. त्या वेळीं पैसे प्रत्यक्ष घेतले जात नाहींत. खोलीचें भाडें व वर कांहीं रक्कम मिळून होणारा आंकडा बँकेस कळविला जातो, आणि बँक तेवढी रक्कम पाहुण्याच्या खात्यांत किंवा पतमर्यादेंत अडकवून ठेवते. ही एक प्रकारची अनामतच होय. पाहुणा निघतो त्या दिवशीं खरा हिशेब होतो. झालेल्या खर्चापुरती रक्कम हॉटेल उचलतें आणि उरलेली मोकळी होते. ती मोकळी होण्यास कांहीं दिवस लागतात. म्हणून शिल्लक कमी दिसतांच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. रक्कम नुसती अडकलेली आहे कीं खरोखर वजा झालेली आहे, एवढें प्रथम बँकेस विचारावें.

अडचण येते ती याच्या पुढें. हॉटेल, भाड्याची मोटार यांसारख्या धंद्यांत खर्चाचा शेवटचा आंकडा निघतेवेळीं नेहमींच कळतो असें नाहीं. पहांटे घाईनें निघालेल्या पाहुण्यानें खोलींतील फ्रिजमधून सरबताची बाटली घेतलेली असते, किंवा त्याच्या मुलाच्या हातून आरसा फुटलेला असतो. हॉटेलवाल्यानें हें नुकसान निमूटपणें सोसावें, असें कोणीहि न्यायी मनुष्य म्हणणार नाहीं. म्हणूनच व्हिसा, मास्टरकार्ड अशा कंपन्यांच्या नियमांत या धंद्यांस मागाहून रक्कम लावण्याची सवलत ठेविलेली आहे. परंतु ही सवलत बिनशर्त नाहीं. पाहुण्यानें आरंभीं तशी संमति दिलेली असली पाहिजे, आणि लावलेल्या रकमेचा तपशील त्याला कळविला पाहिजे. हें बंधन दृष्टीआड करून, केवळ कार्डाचा नंबर आपल्या दप्तरीं आहे म्हणून हवी ती रक्कम उचलणें, हाच यांतील खरा गैरव्यवहार होय.

इंग्लंडांत २०१४ सालीं अशा एका प्रकरणाचा बराच बोभाटा झाला. ब्लॅकपूल हें तेथील समुद्रकांठचें हवा खाण्याचें गांव. तेथील ब्रॉडवे हॉटेलांत एक जोडपें ऑगस्ट महिन्यांत एक रात्र उतरलें. भाडें होतें ३६ पौंड. खोली अगदींच वाईट निघाल्यामुळें त्यांनीं प्रवाशांचे अभिप्राय छापणाऱ्या ट्रिपॲडव्हायझरवर कडक शब्दांत आपलें मत नोंदविलें. पुढें त्यांच्या क्रेडिट कार्डावर १०० पौंडांची आणखी रक्कम लागलेली आढळली. हॉटेलचें म्हणणें असें कीं, वाईट अभिप्राय दिल्यास १०० पौंडांपर्यंत दंड घेतला जाईल, ही अट नोंदणीच्या कागदांतच छापलेली आहे. नोव्हेंबरांत ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, तेथील नगरसभेच्या व्यापार-निरीक्षण खात्यानें लक्ष घातलें, आणि हॉटेलनें पैसे परत करून ती अट काढून टाकली. अमेरिकेंत तर २०१६ सालीं कायदाच झाला, आणि ग्राहकाच्या प्रामाणिक अभिप्रायावर बंदी किंवा दंड घालणाऱ्या छापील अटी निरर्थक ठरल्या.

या गोष्टींतील मर्म त्या १०० पौंडांपेक्षां मोठें आहे. येथें फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि जप्ती बजावणारा बेलीफहि तोच, अशी स्थिति झाली होती. नुकसान झालें असें हॉटेलनेंच ठरविलें, त्याची किंमत हॉटेलनेंच केली, आणि वसुलीहि हॉटेलनेंच केली. दुसऱ्या पक्षास बोलण्याची संधि मिळाली ती पैसे गेल्यावर. कार्डानें दिलेल्या सोयीचा हा सर्वांत घातक उपयोग होय.

आपल्या देशांतील कायदा याविषयीं मुका नाहीं. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य केली, तरच ती संमति होते. खोलीच्या भाड्यासाठीं पुढें केलेलें कार्ड म्हणजे वाटेल त्या रकमेस दिलेली संमति नव्हे. त्याच कायद्याचें ७४ वें कलम सांगतें कीं, करारांत दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती सबंध रक्कम आपोआप मिळत नाहीं. त्या मर्यादेच्या आंत वाजवी भरपाईच मिळते. चादरीवर डाग पडला आणि चादरीची किंमत ८०० रुपये असली, तर छापील अटींत ५,००० रुपये दंड आहे म्हणून ५,००० रुपये देणें लागत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें याहि पुढचें पाऊल टाकिलें. अवाजवी अनामत मागणारा, किंवा झालेल्या नुकसानीच्या मानानें अगदींच बेसुमार दंड लादणारा करार हा त्या कायद्यानें अनुचित करारांत गणला आहे. न विचारतां बिलांत सेवाशुल्क घालण्याची हॉटेलांची रीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं मना केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तो आदेश कायम केला. ग्राहकास न विचारतां त्याच्या पैशास हात लावूं नये, हेंच या सर्वांचें सूत्र आहे.

आतां प्रतिबंधाचा विचार करूं. देशांतल्या देशांत कार्ड पुढें न करतां होणाऱ्या व्यवहारास दुसरी पडताळणी, म्हणजे आज सर्वांच्या परिचयाचा ओटीपी, लागतो. हा नियम रिझर्व्ह बँकेनें २००९ पासून लागू करीत आणला. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर ऑनलाइन व्यवहारांत व्यापाऱ्यांनीं कार्डाचा नंबर आपल्याकडे जपून ठेवण्यासहि बंदी झाली. त्यामुळें देशांतील हॉटेलास मागाहून रक्कम उचलणें कठीण झालें आहे. मात्र उतरतांना पिन घालून जी रक्कम अडकविली गेली, तिच्या आंत तें शक्य असतें. खरा धोका परदेशांत आहे. तेथील व्यापाऱ्यास ओटीपीवांचूनहि केवळ कार्डावरील आंकड्यांच्या जोरावर रक्कम लावतां येत आली आहे. परदेशी व्यापाऱ्यानें पडताळणी मागितल्यास ती करण्याची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारावी, असें रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२५ मध्यें बँकांस फर्माविलें. तरी जो ती मागतच नाहीं, त्याच्यापासूनचा धोका एवढ्यानें सर्वस्वीं टळत नाहीं.

यावर एक सोपा उपाय ग्राहकाच्याच हातीं आहे. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें कार्डधारकास असा अधिकार दिला कीं, परदेशांतील वापर, ऑनलाइन वापर यांपैकीं जो नको असेल तो त्यानें स्वतः बंद करावा, आणि रकमेची मर्यादाहि स्वतः ठरवावी. मुलाकडे सिंगापूरला किंवा लंडनला जाऊन परत आलेल्या आईबापांनीं घरीं येतांच कार्डाचा परदेशी वापर बंद करावा. घरांत आल्यावर दाराला कडी घालावी, तितकेंच हें साधें काम आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, हॉटेलांत शक्यतों डेबिट कार्ड देऊं नये. क्रेडिट कार्डावरील वाद हा बँकेच्या पैशावरील वाद असतो. डेबिट कार्डावर मात्र आपल्या घरखर्चाचे पैसे आधीं जातात आणि वाद मागून सुरू होतो. पेन्शनवर चालणाऱ्या घरास हा भेद फार मोठा आहे.

खोलीचा ताबा घेतांना आधींची मोडतोड दिसली, तर तिचें छायाचित्र घेऊन कारकुनास दाखवावें. निघतांना शेवटचें बिल छापील स्वरूपांत घ्यावें, आणि अनामत मोकळी केल्याचें त्यावर लिहून घ्यावें. पुढें वाद झालाच, तर हे दोन कागद शंभर शब्दांचें काम करतात.

इतकें करूनहि रक्कम गेली, तर हॉटेलास लेखी पत्र पाठवून तपशील व पुरावा मागावा, आणि त्याच दिवशीं बँकेसहि कळवावें. येथें शब्द नेमके वापरावे. ज्या व्यवहाराशीं आपला कांहींच संबंध नाहीं तो अनधिकृत. आणि ज्या हॉटेलांत आपण राहिलों त्यानें संमतीवांचून लावलेली रक्कम ती विवादास्पद. पहिल्या प्रकाराबद्दल ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत त्यानें कळविलें, तर त्याच्यावर कसलाहि भार येत नाहीं. शिवाय जबाबदारी सिद्ध करण्याचा बोजा बँकेवरच राहतो. सहकारी बँकांसहि त्याच वर्षीं डिसेंबरांत असेच नियम लागू झाले. दुसऱ्या प्रकारांत बँकेमार्फत कार्ड कंपनीच्या नियमांनुसार रक्कम परत मागतां येते. यालाच चार्जबॅक म्हणतात. याची मुदत सामान्यतः १२० दिवसांची असते, पण तिची वाट पाहत बसूं नये. हॉटेलास संमतीचा कागद दाखवितां आला नाहीं, तर त्याची बाजू लंगडी पडते.

बँकेनें तीस दिवसांत समाधान केलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते. हॉटेलाविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवितां येते. आणि प्रकरण आयोगापुढें नेण्याची वेळ आलीच, तर २०१९ च्या कायद्यानें एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगांतहि तक्रार दाखल होते. हॉटेल गोव्यांत असो वा सिमल्यास असो, देऊळघाटच्या रहिवाशास बुलढाण्याच्या आयोगापुढें उभें राहतां येतें. आणि दिलेलें मोल पांच लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठीं फी पडत नाहीं.

पुष्कळ सुशिक्षित माणसें चारशें-पांचशें रुपयांसाठीं कोठें भांडावें, असें म्हणून स्वस्थ बसतात. त्यांच्या या स्वस्थपणावरच ही वसुली चालते. शंभर पाहुण्यांपैकीं नव्वद गप्प बसतील, हा हिशेब दुसऱ्या बाजूनें आधींच केलेला असतो. तेव्हां महिन्याचें बँकेचें टिपण बारकाईनें वाचावें, आणि जी रक्कम आपण मान्य केली नाहीं तिच्यासमोर खूण करून त्याच दिवशीं पत्र लिहावें. दुकानदाराचा हिशेब तपासून पाहणें यांत आपल्या आजोबांना कधीं संकोच वाटला नाहीं. नातवांनाहि तो वाटण्याचें कारण नाहीं.