एका काळ्या तबकडीची कुळकथा

इ. स. २०२५ च्या श्रावणांत आमच्या घरीं एका तबकडीवरून वाद माजला. 'ब्लॅक सॅबथ' नामक इंग्रज वाद्यमेळाचा गायक ओझी ऑस्बर्न २२ जुलै रोजीं निवर्तला. त्या निमित्तानें धाकट्या पुतण्यानें त्या मेळाची पहिलीच तबकडी मित्राकडून आणली होती. तिचें नांवहि मेळाचेंच. वेष्टनावर एक जुनी पाणचक्की आणि तिच्यापुढें रुक्ष झुडपांत काळ्या वस्त्रांतील एक फिकट स्त्री उभी! आमचे वडील बंधु अण्णा यांनीं चष्मा पुसून तें चित्र दोनदां पाहिलें आणि सणावारांच्या दिवसांत असली अभद्र वस्तु घरांत वाजतां कामा नये, असा निकाल दिला.

"अण्णाकाका, आधीं ऐका तरी," पुतण्या म्हणाला.

अण्णांचीं पन्नास वर्षें तंबोऱ्याच्या संगतींत गेलेलीं. न ऐकतां निकाल दिल्याचा आरोप त्यांना झोंबला, आणि दिवेलागणीनंतर आम्ही सारीच मंडळी ऐकावयास बसलों.

आरंभीं पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दूरवर एक घंटा. (हे ध्वनि मागाहून जोडलेले आहेत.) मग एकदम गिटारवर तीनच स्वर कोसळतात: षड्ज, त्याच्या वरचा तार षड्ज, आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. अण्णांनीं झटकन् मान वर केली. "अरे, हा तर तीव्र मध्यम!"

तोच तो. यूरोपांतील जुन्या संगीतशास्त्र्यांनीं ह्या स्वरांतरास 'संगीतांतला सैतान' असें नांव ठेविलें होतें. आमच्या यमनाचा सारा जीव ह्याच स्वरांत आहे, आणि मारव्यांत तर ह्याच्या जोडीस पंचमहि नाहीं! फरक इतकाच कीं, यमनांत तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो वा गांधाराकडे परततो. त्याला जावयास घर असतें. येथें तो एकटाच थरथरत उभा राहतो. भीति वाटते ती ह्यामुळें.

आणखी एक नवल असें कीं, ही कल्पना सुचली ती होल्स्टच्या 'मंगळ' ह्या रचनेवरून. मेळांतील बेस गिटार वाजविणारा बटलर तिची धून छेडीत असे. गुस्ताव्ह होल्स्ट हा इंग्रज संगीतकार संस्कृत शिकलेला, ऋग्वेदांतील सूक्तें स्वतः भाषांतर करून स्वरबद्ध करणारा आणि 'सावित्री' ह्या संगीतिकेचा कर्ता! हें सांगतांच अण्णांचा चेहरा किंचित् सैल झाला.

तो तीव्र मध्यम छेडणारा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरांतला. सतरा वर्षांचा असतां तो पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. एका वाद्यमेळाबरोबर दौऱ्यावर जावयाचें ठरल्यानें त्यानें नोकरी सोडली होती, आणि तो कामाचा अखेरचा दिवस होता. दुपारीं जेवावयास घरीं आल्यावर परत जाणें त्याच्या जिवावर आलें. परंतु आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. तो गेला. दुसरें कोणी गैरहजर होतें म्हणून त्यास संवय नसलेल्या यंत्रावर बसविण्यांत आलें, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें व अनामिकेचें अग्र तुटलें. आयोमी डावखुरा; तेव्हां तारा दाबावयाचा हात नेमका तोच.

येथें आमच्या वहिनींनीं तबकडी थांबवावयास लावली. "त्या माउलीस जन्मभर काय वाटलें असेल हो!" त्या म्हणाल्या. आम्ही कोणी कांहीं बोललों नाहीं.

आतां वाजविणें संपलें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेव्हां कारखान्याच्या मुकादमानें त्यास जँगो राइनहार्ट याची तबकडी ऐकविली. १९२८ सालीं आगींत दोन बोटें निकामी होऊनहि तो गिटारवादक नांवाजला होता. आयोमीनें भांडीं घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारखीं टोपणें केलीं, कानशीनें घांसलीं, वर जुन्या जाकिटाचें चामडें चिकटविलें. टोपणाला स्पर्श कळत नाहीं आणि जाड तार ओढवत नाहीं. म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा चढविल्या. भरगच्च स्वरसंघातांऐवजीं दोनतीन स्वरांचे जड आघात त्यानें जवळ केले. पुढच्या तबकड्यांत ताराहि खालीं उतरविल्या. ह्या संगीतास 'हेवी मेटल', म्हणजे जड धातु, हें नांव पडलें; आयोमीपुरतें तें अक्षरशः खरें आहे.

१६ ऑक्टोबर १९६९ रोजीं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओंत सुमारें बारा तासांत ही सबंध तबकडी मुद्रित झाली. जलशांत वाजवावें तसें चौघांनीं एकत्रच वाजविलें. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं ती बाहेर पडली. तेरा तारखेचा शुक्रवार, म्हणजे पाश्चात्त्यांची अवस! कित्येक टीकाकारांनीं तिची हेटाळणी केली. परंतु इंग्लंडांत ती खपाच्या यादींत आठव्या स्थानापर्यंत चढली.

सैतानाच्या पूजेचा आळ मात्र आम्हांस पटला नाहीं. पहिल्या गाण्यांतील मनुष्य काळी आकृति पाहून गर्भगळित होतो आणि देवाचा धांवा करतो. ही पूजा कोठली? आंतल्या पानावरील उलटा क्रूसहि कंपनीनें परस्पर छापलेला. ह्या मंडळींच्या गळ्यांत जे क्रूस होते, ते ओझीच्या वडिलांनीं, जे स्वतः कारखान्यांत हत्यारें घडवीत, आपल्या हातांनीं ॲल्युमिनियमचे करून दिले होते.

सारेंच गोड मानून घ्यावें असें मात्र नव्हे. 'ईव्हिल वूमन' हें गाणें दुसऱ्या एका अमेरिकन मेळाचें उसनें घेतलेलें, आणि तें उसनेंच वाटतें. शेवटच्या दीर्घ गाण्यांत आयोमी एकटाच इतका वेळ भटकतो कीं, अण्णांना डुलकी लागली. ओझीचा आवाज कसलेला नाहीं, पण त्यांतली घाबरगुंडी खरी आहे.

५ जुलै २०२५ रोजीं मूळचे चौघे बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र वाजविते झाले. ज्या ॲस्टन भागांत ते वाढले, तेथेंच हें मैदान आहे. ओझी उभा राहूं शकत नव्हता. तो सिंहासनवजा खुर्चींत बसून गायला. त्यानंतर सतराव्या दिवशीं तो गेला.

तबकडी संपली तेव्हां वहिनी पानें घ्यावयास उठल्या. अण्णांनीं मात्र तंबोरा मागविला, पुतण्यास सुई पुन्हां आरंभीं ठेवावयास सांगितली, आणि वाढलेलें पान निवूं लागलें तरी त्या गिटारचा षड्ज कोठें लागतो तें ते खुंट्या पिळून शोधीत होते.