खांब बाबांच्या डोक्यातून उगवला होता: फोटोतल्या रेषा आणि मूड

(ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. चालवून घ्या.)

आजचा विषय फोटोग्राफीचा आहे, पण घाबरू नका, कॅमेरा विकत घ्यायला लावणार नाही. खिशातला फोन पुरे.

सुरुवात माझ्या एका फसलेल्या फोटोपासून. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले त्या दिवशी शेवटची फेरी संपवून गाडीतून उतरले, गळ्यात हार, हातात नारळ. मी फोन काढला आणि धडाधड वीसेक फोटो मारले. घरी येऊन बघतो तर काय, एका फोटोत शेडचा लोखंडी खांब थेट बाबांच्या डोक्यातून उगवलेला. दुसऱ्यात बसच्या खिडक्यांखालची पट्टी बरोबर मानेवरून गेलेली. जमीन तर सगळ्यांतच तिरकी. चेहरा स्वच्छ, फोकस बरोबर, पण तो दिवस त्यात कुठेच नाही. आणि तो दिवस काही परत येणार नाही.

मी पडलो इंजिनियर, सवयीने बग शोधायला बसलो. ॲपमध्ये खांब पुसून बघितला. खांब गेला, फोटो मुकाच राहिला. मग हळूहळू कळलं की दोष खांबाचा नव्हता. फ्रेममधल्या एकाही रेषेला मी कामच दिलं नव्हतं.

रेषा म्हणजे नेमकं काय?

रस्त्याची कड, जिन्याचा कठडा, विजेच्या तारा, भिंतीवरची सावली, रांगेत उभी माणसं. आपली नजर अशा कडांवरून घसरत जाते आणि जिथे रेषा संपते तिथे थांबते. म्हणजे रेषा दोन कामं करतात: नजर कुठे न्यायची ते ठरवतात, आणि जाता जाता मूड तयार करतात.

मूड कसा? आपल्या अंगावरूनच बघा. आडवा झालेला माणूस म्हणजे आराम. म्हणून क्षितिज, तळ्याचं पाणी, शेताचा बांध अशा आडव्या रेषा शांत वाटतात. ताठ उभा माणूस म्हणजे ठामपणा. देवळाचे खांब, उंच इमारती तसंच काहीतरी सांगतात. आणि झुकलेला माणूस? तो एक तर पळतोय, नाहीतर पडतोय. म्हणून तिरक्या रेषेत वेग असतो, अस्वस्थता असते. वळणाच्या रेषेला मात्र घाई नसते. मरीन ड्राइव्हचा कठडा आठवा, नजर त्यावरून निवांत चालत जाते.

हे काही भौतिकशास्त्राचे नियम नाहीत हां. उजेड, रंग, चेहरा यांनी अर्थ बदलतो. पण सुरुवात करायला भरवशाचे आहेत.

एका जहाजावरची गोष्ट

१९०७ साली अमेरिकन फोटोग्राफर अल्फ्रेड स्टिगलिट्झ जहाजाने युरोपला निघाला होता. त्याचं तिकीट फर्स्ट क्लासचं. डेकवर फिरताना त्याला खाली स्वस्त तिकिटाचे प्रवासी दिसले. त्याने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, तो केबिनमध्ये धावत कॅमेरा आणायला गेला आणि त्याच्याकडे एकच कोरी प्लेट शिल्लक होती. एकच! आपण वीस मारतो.

'द स्टीअरेज' हा तो फोटो, नक्की शोधून बघा. फ्रेमच्या मधून एक पांढरा पूल तिरका जातो. त्याच्या वर काही माणसं, खाली दाटीवाटीत बायका, मुलं, वाळत घातलेले कपडे. बाजूला जिना एकीकडे कललेला, धुराडं दुसरीकडे. कुणाचा चेहरा रडवेला नाही, तरी बघताना मनात दुरावा आणि घुसमट येते. ते काम रेषांनी केलंय. त्या पुलाने फ्रेमचे दोन तुकडे केलेत आणि माणसं त्यात विभागली गेली आहेत.

आता याच्या उलट. फ्रान्समधल्या इएर गावात ऑन्री कार्तिए-ब्रेसाँने १९३२ मध्ये काढलेला सायकलवाल्याचा फोटो. जिन्यावरून खाली बघतोय, कठड्याची वळणं गोल गोल फिरत जातात आणि तिथून सायकलवाला सुसाट निघून जातो. तो छोटासा आहे, धूसरही आहे, तरी नजर त्याच्याकडेच जाते. फोटो हलकाफुलका वाटतो, कारण रेषा वळणदार आहेत.

फोनवर काय करायचं?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, लेव्हल असेल तर तीही. जमीन तिरकी हवी असेल तर ठरवून तिरकी करा, चुकून नको. माणसाच्या मागे बघा: खांब किंवा तार डोक्याला चिकटत असेल तर एक पाऊल बाजूला व्हा. रस्ता किंवा फलाट लांबलचक दाखवायचा असेल तर फोन उलटा धरून लेन्स जमिनीजवळ न्या. समांतर कडा दूरवर एकमेकींजवळ येताना दिसतात, त्यांनी अंतर जाणवतं, कधी एकटेपणही. वाइड लेन्सने हे आणखी वाढतं, फक्त माणसाला फ्रेमच्या कडेला ठेवू नका, चेहरा ताणला जातो.

आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारा: मला इथे काय वाटतंय? उत्तर मिळालं की मग रेषा शोधा.

काही महिन्यांनी बाबांना घेऊन त्याच स्टँडवर गेलो. गाड्या ओळीने लागल्या होत्या. फोन खाली धरला, फलाटाची कड आणि गाड्यांची ओळ दूर जिथे जवळ येत होती, तिथे बाबांना पाठमोरं उभं केलं. हातात फक्त पिशवी. एवढ्या गाड्या, आणि एकही त्यांची नाही. हार-नारळाच्या दिवशी जे निसटलं होतं, ते यात थोडंसं आलं.

फोटो दाखवला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "तिसरी गाडी जरा वाकडी लागलीय रे."

म्हणजे बघा, रेषा त्यांना माझ्याआधीपासून दिसत होत्या!

तर या आठवड्याचा होमवर्क: एकच जागा, तीन फोटो. एक शांत, एक अस्वस्थ, एक एकटा. माणूस तोच ठेवा, फक्त तुम्ही हला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!