गळाची काठी: महाग की योग्य?

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेतील टेक्सस राज्यात राहतो. लहानपणी शाळा सुटली की हा मुलगा खाडीच्या बांधावर गरी टाकून बसलेला दिसे. ती हौस तेथेही सुटलेली नाही. गेल्या वर्षी त्याचे पत्र आले. त्यात त्याने लिहिले होते, "सर, बास नावाचा मासा पकडण्यासाठी पदरमोड करून चांगली महाग काठी घेतली. मासा लागतो, पण काठावर येईपर्यंत सुटून जातो. शेजारचा म्हातारा मात्र जुन्या, स्वस्त काठीने एकामागून एक मासे काढतो. माझे कोठे चुकते?" उत्तर देण्यापूर्वी आम्हांस बरेच वाचावे लागले. त्यातून जे उमगले ते आमच्या विद्यार्थ्यांनाही आवडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

प्रथम माशाविषयी. आपल्याकडील चोणकाला इंग्रजीत सी-बास म्हणतात, त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. टेक्ससमधील लार्जमाउथ बास हा निराळ्याच कुळातला, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील मासा. पाण्यात बुडालेल्या झाडाझुडपांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ येताच आपले मोठे तोंड एकदम उघडून ते पाण्यासकट आत ओढून घेतो. ही त्याची सवय ध्यानात ठेवावी, कारण काठीची निवड तिच्यावरच अवलंबून आहे.

ह्या माशासाठी क्रँकबेट नावाचे कृत्रिम आमिष वापरतात. हलक्या लाकडाचा किंवा प्लास्टिकचा हा एक फुगीर मासाच असतो. त्याच्या तोंडापुढे एक चपटी जीभ बसवलेली असते. रिळावर तंगूस गुंडाळू लागले की पाण्याचा दाब ह्या जिभेवर पडतो, आमिष खाली बुडी मारते आणि डावीउजवीकडे डुलत पुढे येते. त्याच्या पोटाला व शेपटीला तीनतीन टोकांच्या बारीक गऱ्या लटकवलेल्या असतात. एकेरी मोठी गरी जबड्यात खोल रुतते; ह्या बारीक गऱ्या मात्र बहुधा ओठाच्या कातडीत वरवर अडकतात.

आता काठीकडे वळू. काठी अगदी ताठ असेल तर माशाने आमिषाला तोंड लावताच होणाऱ्या झटक्याने ते त्याच्या तोंडात पुरते जाण्यापूर्वीच बाहेर खेचले जाते. एखादी गरी लागलीच, तर मासा उसळी घेताना तो हिसका थेट गरीवर येतो, कातडी फाटते आणि मासा सुटतो. काठी लवचीक असली म्हणजे ती वाकून हिसका स्वतःवर घेते, आणि आमिष आत ओढून घेण्यास माशाला क्षणभर सवड मिळते.

हा प्रयोग घरीही करता येतो. नारळाच्या झापाचा एक हीर आणि तेवढ्याच लांबीची एक ताठ वाळकी काटकी घ्यावी. दोन्हींच्या टोकांना दोरा बांधून दुसरे टोक मित्राच्या चिमटीत द्यावे व एकदम ओढावे. काटकीचा दोरा चिमटीतून झटकन निसटतो. हीर आधी वाकतो आणि दोऱ्यावरचा ताण हळूहळू वाढतो.

काठीचे दोन गुण वेगळे ओळखावेत. एक तिचे बळ, म्हणजे ती वाकवण्यास किती जोर लागतो. दुसरा तिचा वाक, म्हणजे ती कोठून वाकते. केवळ शेंड्याशी वाकणारी काठी ह्या कामास फारशी उपयोगी नाही. मध्यम बळाची, निम्म्यापर्यंत वाकणारी, सुमारे ७ फूट लांबीची काठी बहुतेक क्रँकबेटना चालते. मुठीच्या वरच्या बाजूस लांबी, बळ, तंगुसाची ताकद आणि आमिषाचे वजन छापलेले असते. आमिषाचे वजन पाव ते पाऊण औंस, म्हणजे सुमारे ७ ते २१ ग्रॅम, असे लिहिलेले पाहून घ्यावे.

आता किमतीचा प्रश्न. काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरल्या. १९७० च्या दशकात कार्बनतंतूंच्या काठ्या आल्या. त्या हलक्या व ताठ असून पाण्याखालचा बारीक धक्काही हाताला कळवतात. म्हणून त्यांचे मोल वाढले. काचतंतूंची काठी जड आणि संथ. पण क्रँकबेटला हा संथपणाच हवा असतो! अमेरिकेत काठ्यांच्या किमती तीस-चाळीस डॉलरांपासून कित्येकशे डॉलरांपर्यंत जातात. ह्या कामाची काचतंतूंची बरी काठी त्यातल्या खालच्या टोकाकडेच मिळून जाते.

तथापि स्वस्त वस्तू पारखून घ्यावी लागते. तंगूस ज्या कड्यांतून जातो त्या एका रेषेत आहेत ना, हे मुठीकडून डोळा लावून पाहावे. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर तेथे चीर आहे, आणि ती चीर तंगूस कापील. रीळ बसवण्याची जागा हलत नाही ना, तेही पाहावे. शेवटी कोणास तरी शेंडा हलकेच धरावयास सांगून काठी कोठून वाकते ते डोळ्यांनी पाहावे.

२ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी ह्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा, बास पकडला. त्या विक्रमाची बरोबरी होण्यास २००९ साल उजाडावे लागले. ते दिवस मंदीचे होते, आणि कार्बनतंतूंच्या काठीची तेव्हा कोणास कल्पनाही नव्हती.

हे सर्व आम्ही आमच्या विद्यार्थ्यास कळवले. शिवाय आणखी एक गोष्ट लिहिली. तेथे पुष्कळ तलावांत ठरावीक लांबीचे मासे परत पाण्यात सोडण्याचा नियम आहे. ओठ फाटून सुटलेल्या माशाचे आपण नुकसानच करतो. त्याने पहिल्या काठीच्या निम्म्याहूनही कमी किमतीत काचतंतूंची काठी घेतली. पुढे त्याचे चार ओळींचे पत्र आले: "सर, मासा काठावर आला. ओठ शाबूत होता. मोजला आणि सोडून दिला. महाग काठी दुसऱ्या कामासाठी ठेवली आहे."

त्याची पहिली काठी वाईट नव्हती. ती ह्या कामाची नव्हती, इतकेच. वस्तू घेताना आपण आधी किंमत विचारतो. त्याआधी काम काय आहे हे विचारले, तर पैसेही वाचतात आणि कामही होते.