फ्री डिशवर जास्तीचे चॅनेल कसे मिळवावेत? उंब्रज परिसरासाठी क्रमवार माहिती

दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झाले. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांवर ही सेवा सुरू झाली. आज ती देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे.

शेजारच्या घरी एखादा चॅनेल फुकट दिसतो आणि आपल्याकडे दिसत नाही, अशी तक्रार उंब्रज, मसूर, चाफळकडे नेहमी ऐकू येते. अशा वेळी आपण लगेच नवा बॉक्स घ्यायला निघतो. पण बऱ्याच घरांत काहीही विकत न घेता काम होते. फक्त क्रम पाळायला हवा: आधी बिनखर्चाचे उपाय, मग किरकोळ खर्चाचे आणि अगदी शेवटी नवी खरेदी.

१. चॅनेल का जातात, का येतात

खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरची जागा प्रसार भारतीच्या ई-लिलावात घ्यावी लागते. या जागेला स्लॉट म्हणतात. मुदत संपली आणि वाहिनीने पुन्हा बोली लावली नाही, तर तिच्या जागी दुसरी वाहिनी येते. झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल अशा वाहिन्या मार्च २०१९ मध्ये गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. म्हणून एखादा चॅनेल गायब झाला की आधी शेजारी विचारावे. त्यांच्याकडेही तो नसेल, तर दोष आपल्या छत्रीचा नाही.

२. सिग्नलचे दोन आकडे पाहा

रिमोटवरून मेनू उघडून ‘इन्स्टॉलेशन’ किंवा ‘अँटेना सेटिंग’मध्ये जावे. तिथे दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे तारेतून बॉक्सपर्यंत येणारा एकूण जोर आणि ‘क्वालिटी’ म्हणजे त्या सिग्नलचा स्वच्छपणा. पुष्कळ जण पहिली पट्टी भरलेली पाहून निर्धास्त होतात. पण चित्र दिसणे क्वालिटीवर अवलंबून असते. क्वालिटी शून्य असेल तर शोध घेऊन उपयोग नाही. आधी चौथी आणि पाचवी पायरी करावी.

३. चॅनेलचा नव्याने शोध घ्या

क्वालिटी चांगली असेल तर ‘ऑटो स्कॅन’ करावे. यात बॉक्स उपग्रहावरच्या वाहिन्या स्वतः शोधून यादी बनवतो. उपग्रहाच्या यादीत ‘जीसॅट-१५, ९३.५ पूर्व’ निवडावा. जुन्या बॉक्समध्ये हेच नाव ‘इन्सॅट-४बी’ असे असते. जागा तीच असल्याने तेही चालते.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, भर पावसात शोध घेणे. पावसात सिग्नल पडतो आणि निम्म्या वाहिन्या यादीत येतच नाहीत. दुसरी, शोध अर्ध्यावर थांबवणे. तिसरी, शेवटी ‘सेव्ह’ न करता बाहेर पडणे. शोध झाल्यावर चॅनेलचे क्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून हवा तो चॅनेल जुन्या क्रमांकावर न दिसल्यास पूर्ण यादी चाळावी.

४. तार आणि जोडण्या तपासा

आधी बॉक्सचे बटण बंद करून पिन काढावी. छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, याच तारेतून वीज जाते. बॉक्स चालू असताना जोडणी उघडली तर शॉर्ट होऊन बॉक्सचे नुकसान होऊ शकते.

आता तारेच्या टोकाची पितळी टोपी फिरवून काढावी. मधली तांब्याची तार चकचकीत हवी. ती हिरवट किंवा काळी पडली असेल तर पाणी शिरले आहे. तेवढा भाग कापून नवे टोक करावे. बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकलेला असतो आणि तेवढ्यानेच सगळे बंद पडते, म्हणून टोक उजेडात धरून नीट पाहावे. वरच्या जोडणीला चिकटपट्टी गुंडाळावी आणि तारेला तिथे खाली झुकलेला वेढा द्यावा, म्हणजे पाणी जोडणीत न शिरता वेढ्यावरून गळते.

५. छत्रीची दिशा जुळवा

जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. उंब्रजहून तो आग्नेय दिशेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास सुमारे १३० अंशांवर येतो. कराडकडे तोंड करून उभे राहिल्यास तो किंचित डावीकडे असतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने ही दिशा सहज मिळते. फक्त लोखंडी खांब आणि पत्र्यापासून थोडे दूर उभे राहावे.

आकाशात तो जमिनीपासून जवळपास ६० अंश वर आहे. त्यामुळे चाफळकडचे डोंगर आड येत नाहीत. अडथळा होतो तो जवळच्या झाडाचा किंवा शेजारच्या वाढलेल्या मजल्याचा. छत्रीपासून दहा फुटांवरचे झाड छत्रीपेक्षा पंधरा फुटांपर्यंत उंच असले तरी चालते. त्यापुढे वाढले तर फांद्या छाटाव्यात किंवा छत्रीची जागा बदलावी.

खांब आधी ओळंब्यात हवा. तो कलला असेल तर पुढचे कोणतेही माप जुळत नाही. छत्री मात्र ६० अंश वर वळवू नये. या छत्र्यांची रचना अशी असते, की त्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर पाहतात. छत्रीचे तोंड साधारण ३५ अंश वर केलेले असेल, तर ती प्रत्यक्षात ६० अंशांच्या आसपास पाहत असते.

आता एकाने टीव्हीसमोर बसावे आणि दुसऱ्याने वर छत्री अगदी थोडी थोडी हलवावी. प्रत्येक हालचालीनंतर काही सेकंद थांबावे, कारण बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. घाईने फिरवल्यास योग्य जागा निसटून जाते. क्वालिटी मिळाली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवावा. आपल्या भागात तो जवळपास ४५ अंश तिरका बसतो. कोणत्या बाजूला क्वालिटी वाढते ते पाहून तिथेच बोल्ट आवळावेत आणि आवळल्यावर आकडा पुन्हा पाहावा, कारण आवळताना छत्री सरकते.

या पायरीवर एक फसगत होते. डिश टीव्हीची सेवा ९५ अंशांवरून येते, म्हणजे आपल्या उपग्रहापासून फक्त दीड अंशावर. शेजारच्या अशा छत्रीकडे पाहून आपली वळवली तर सिग्नल आल्यासारखा वाटतो, पण फ्री डिशचे चॅनेल मिळत नाहीत. तसे झाल्यास छत्री केसभर दक्षिणेकडे सरकवावी.

बंद पडलेल्या खासगी सेवेची छत्री घरी असेल तर तीच वळवून वापरता येते. तिचा जुना बॉक्स मात्र सहसा उपयोगी पडत नाही. छपराच्या कडेला आणि विजेच्या तारांजवळ एकट्याने काम करू नये.

६. इथपर्यंत सारे ठीक, तरी चॅनेल कमी? मग बॉक्स पाहा

फ्री डिशवर चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत: जुनी एमपेग-२ आणि नवी एमपेग-४. नव्या पद्धतीत कमी जागेत जास्त वाहिन्या मावतात. जुन्या बॉक्सला नवी पद्धत वाचता येत नाही, त्यामुळे त्या वाहिन्या त्याच्या यादीत येत नाहीत किंवा नुसता आवाज येऊन पडदा काळा राहतो. बॉक्सच्या खालच्या चिठ्ठीवर ‘एमपेग-४’ आणि ‘डीव्हीबी-एस२’ लिहिले आहे का, ते वाचावे. नसेल, तरच नवा बॉक्स घ्यावा. छत्री, एलएनबी आणि तार तीच चालते.

अलीकडच्या काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. टीव्हीमागे तार फिरवून बसवायची आट्यांची जागा आणि मेनूमध्ये ‘सॅटेलाइट’ हा पर्याय असेल तर छत्रीची तार सरळ टीव्हीला जोडून पाहावी. फ्री डिशचे बरेचसे चॅनेल वेगळ्या बॉक्सशिवाय लागतात.

७. शिक्षण आणि रेडिओ

याच उपग्रहावरून ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या येतात. ९ जुलै २०१७ रोजी त्या ३२ वाहिन्यांनी सुरू झाल्या. २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’खाली पहिली ते बारावीसाठी ‘एक वर्ग, एक वाहिनी’ ही सोय झाली. नेहमीच्या शोधात त्या आल्या नाहीत तर मेनूतून ‘ब्लाइंड स्कॅन’ करावे. यात बॉक्स ठरावीक यादीवर न थांबता सगळ्या लहरी तपासतो. वेळ जास्त लागतो, पण घरात शाळकरी मुले असतील तर तो सत्कारणी लागतो.

रिमोटवर ‘टीव्ही/रेडिओ’ असे बटण असते. ते दाबल्यावर आकाशवाणीच्या वाहिन्यांची वेगळी यादी उघडते. हे बटण चुकून दाबले गेले की पडदा काळा होतो आणि बॉक्स बिघडला असे वाटते. पुन्हा तेच बटण दाबावे.

८. दुसरा टीव्ही आणि मोबाइल

दुसऱ्या खोलीत वेगळा चॅनेल पाहायचा असेल तर दुसरी छत्री लागत नाही. दोन तोंडांचा एलएनबी, दुसरी तार आणि दुसरा बॉक्स पुरेसा होतो. एकाच तारेला जोड देऊन दोन बॉक्स चालवू नयेत. एकावर चॅनेल बदलला की दुसऱ्यावरचा जातो.

घरात इंटरनेट असेल तर प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप घ्यावे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात ते सुरू झाले. दूरदर्शनसह अनेक थेट वाहिन्या आणि दूरदर्शनचे जुने कार्यक्रम त्यावर आहेत. इंटरनेटचा खर्च मात्र आपला असतो.

९. वर्षभर काय लक्षात ठेवावे

१ एप्रिलच्या सुमारास आणि पावसाळा संपल्यावर एकदा शोध घ्यावा. वळवाच्या वाऱ्यानंतर बोल्ट तपासावेत. विजा चमकू लागल्या की बॉक्सची पिन आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावीत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेर सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाऊ शकते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. छत्रीला हात लावू नये. चित्र आपोआप परत येते.

आणि फ्री डिशच्या नावाने कोणी ‘रिचार्ज’ किंवा ‘चॅनेल चालू करण्याची फी’ मागितली, तर एक रुपयाही देऊ नये. ही सेवा विनामूल्य आहे.