नारिंगी सापाचे पांढरे पिल्लू

मुंबई विमानतळावर डिसेंबर २०२३मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले ११ साप सापडले. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या या कारवाईत नऊ बॉल पायथन होते आणि दोन कॉर्न स्नेक.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठसे, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. काळ्या रंगद्रव्याशी निगडित ‘ओसीए २’ हे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेले आले, की काळा रंग पुरता जातो, डोळे लालसर होतात. एकाकडूनच आले, तर पिल्लू दिसायला नेहमीसारखेच, पण वाहक. दोन वाहकांच्या पिल्लांत सरासरी चारांत एक असे काळ्या रंगाविना, म्हणजे अल्बिनो. जोडीला लाल रंग घालवणारे दुसरे जनुकही दोघांत दडलेले असेल, तर सोळांत एक गुलाबीसर पांढरे. त्याला ‘स्नो’ म्हणतात. हे रंग हौशी लोकांना भुरळ घालतात. पण त्यासाठी जिवंत प्राणी पाकिटात कोंबणे ही निव्वळ क्रूरता आहे.

आणि आपल्याकडचा धामणीसारखा साप पाळणे तर गुन्हाच. घरात साप शिरला, तर वनविभागाची हेल्पलाइन : १९२६.